लाल पेट्या चोवीस

३ फेब्रुवारी २००३, देवास

भास्करला बँकेतून दोन डायऱ्या मिळाल्या, त्यातली एक मी ढापली. वाचणार कोण? भास्करला बायकोच्या अक्षरात रस नाही, आणि आमची रुची आठवीत गेली तरी मराठी वाचायचं म्हटलं की तिला घाट चढल्यासारखी धाप लागते. हिंदी शाळेचा प्रसाद. तेव्हा इथं खरं लिहायला हरकत नाही.

तर खरं असं, की मला ती खुर्ची हवी आहे.

आज फॅक्टरीत नोटीस लागली. स्टोअर, डिस्पॅच, वाहतूक, सगळं एक एप्रिलपासून एकाच खात्यात. खात्याचं नाव सप्लाय चेन. देवासचा कारखाना आणि धार जिल्ह्यातलं पीथमपूरचं नवं गोदाम, दोन्हींवर मिळून एकच प्रमुख. मी जेवणाच्या सुट्टीत अर्ज आणायला गेले, तर प्लॅनिंगमधला विपुल आधीच तिथं फॉर्म भरत बसलेला. एमबीए केलेला, केस चापून बसवलेला, तसा स्वभावानं बरा. मला बघून म्हणाला, "अरे मॅडम, आप भी?"

तो "भी" माझ्या डोक्यात गेला.

कराडहून लग्न करून इथं आले त्याला तेरा वर्षं झाली. स्टोअरात टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा या कंपनीत बायका दोनच ठिकाणी दिसायच्या, एक रिसेप्शनला आणि एक झाडू घेऊन. आज डिस्पॅचची इन्चार्ज आहे. देवासहून गिअर भरून निघालेली गाडी माझ्या सहीशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. आणि म्हणे आप भी!

११ फेब्रुवारी

लोडिंगच्या ओट्यावर आज नुसता गोंधळ. मी केबिनमधून एक सांगते, ओट्यावर भलतंच ऐकू येतं. फोर्कलिफ्टची घरघर, हम्मालांचं "भिया, जरा इधर ले रिया क्या", त्यात इंटरकॉम खरखरणारा. सांगून सांगून घसा बसला.

म्हणून उद्यापासून नवा नियम. प्रत्येक गाडीला माझी चिठ्ठी. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं, आणि मराठीत. मी मराठी, ओट्यावरचे सुपरवायझर मानसिंगराव मराठी, माझी असिस्टंट कोमल मराठी. तिघांनी मिळून एकमेकांशी हिंदी झाडायची म्हणजे कमालच झाली.

कोमलला मीच घेतलंय, मागच्या जूनमध्ये. डिस्पॅचमध्ये मुलगी नको म्हणून केवढा आरडाओरडा झाला होता! पोरगी हुशार आहे, फक्त मराठी वाचताना अडखळते. हिला चांगली तयार करायची आणि पीथमपूरच्या गोदामावर बसवायची, असं माझ्या मनात आहे. ते नंतर. आधी माझं तर होऊ दे.

मानसिंगराव म्हणजे जुनं खोड. यांचे पूर्वज देवासच्या पवार राजांच्या सरदारांबरोबर इकडे आले. बोलणं असं, की दरबारात उभं राहिल्यासारखं वाटावं. चिठ्ठ्यांचं ऐकून म्हणाले, "बाईसाहेब, आपली आज्ञा. पण ओट्यावरची बोली निराळी आहे." मी म्हटलं, होईल हो सवय.

१९ फेब्रुवारी

मुलाखत झाली. जी.एम. बाकलीवाल साहेबांनी विपुलला माल फिरण्याचा वेग विचारला. हे मला विपुलनंच नंतर सांगितलं. मला काय विचारावं? "पीथमपूर रोज जाना पड़ेगा, घर कौन देखेगा?"

मी म्हटलं, "सर, तेरह साल से कौन देख रहा है?"

ते हसले, पण टिपून घेतलं काहीतरी. काय टिपलं असेल? बाई तापट आहे, एवढंच. जिभेला हाड नाही माझ्या, आई म्हणायची ते खोटं नाही. दिवसभर हेच घोळतंय. पोळी करपली, रुचीवर विनाकारण खेकसले.

२७ फेब्रुवारी

पीथमपूरच्या गाड्यांच्या फॅक्टरीची नवी ऑर्डर आपल्याला. पहिला माल परवा निघायचा. साहेब जाताजाता म्हणाले, "अवंती जी, यह ठीक से पहुँचा दो, बाकी मैं देख लूँगा." बाकी म्हणजे काय ते मला कळलं.

माल त्यांच्याच लाल लोखंडी पेट्यांतून द्यायचा. पेट्या भरून जातात, तिकडे रिकाम्या होतात, आपल्याकडे परत येतात. आपल्या आवारात त्यांच्या लाल पेट्यांची चळत लागलीये. भरलेल्या आत शेडमध्ये, रिकाम्या बाहेर.

१ मार्च, महाशिवरात्र

आज कोणाचं लक्ष ठिकाणावर असेल तर शपथ. निम्मे लोक उपाशी, निम्मे बिलावलीला महादेवाच्या दर्शनाला, आणि उरलेले पाकिस्तानच्या मॅचला कान लावून. वजनकाट्यावरचा माणूससुद्धा गायब. ओट्यावर रेडिओ. मी दोनदा बंद करायला लावला, दोनदा परत लागला.

मी मात्र सकाळपासून खुर्चीला खिळून. चलन सकाळीच माझ्या सहीनं तयार होतं. गाडी आधी इंदूरला थांबायची, तिथला माल उतरवून मग पीथमपूर. म्हणजे पीथमपूरचा माल तळाशी पाहिजे, नाहीतर इंदूरला सगळं उपसत बसतील. चिठ्ठी अगदी सुटसुटीत लिहिली:

"लाल पेट्या २४ खाली. इंदूरचा माल वर. चारच्या आत गाडी सुटली पाहिजे."

एवढी स्पष्ट चिठ्ठी, तरी साडेतीनला मानसिंगरावांचा इंटरकॉम. "बाईसाहेब, लाल पेट्या खालीच ना? नक्की?" मागं रेडिओ कोकलतोय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खाली म्हणजे खालीच! मराठी येत नाही का तुम्हाला?"

मग "बरे," म्हणाले आणि ठेवला.

बोलले ते जरा जास्तच झालं. पण एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारायची म्हणजे काय! गाडी चारला दहा मिनिटं असताना सुटली. खिचडी खाल्ली. आपण जिंकलो, अख्खी कॉलनी फटाके उडवतेय. मला वाटतंय ते माझ्यासाठीच.

३ मार्च

कर्म माझं.

पीथमपूरला सकाळच्या पाळीत पेट्या उघडल्या, तर चोवीसच्या चोवीस रिकाम्या. कागदावर गिअर, पेटीत हवा. त्यांचा माणूस फोनवर ओरडत होता, "मैडम, डब्बे भेजे हैं आपने हमको? मज़ाक है?" त्यांची लाइन साडेतीन तास बंद पडली. आपल्या शेडमध्ये भरलेल्या पेट्या जशाच्या तशा! दोन गाड्या करून दुपारपर्यंत पोचवल्या, मी स्वतः हम्मालांबरोबर उभी राहिले.

शेडमधल्या भरलेल्या पेट्या सोडून आवारातल्या रिकाम्या उचलायला माणूस आंधळा पाहिजे, नाहीतर कान रेडिओला पाहिजेत. साहेबांनी बोलावलं, "कौन था लोडिंग पर?" मी नाव सांगितलं. लेखी मागितलं, लेखी दिलं: सुपरवायझर ड्यूटीवर क्रिकेट ऐकत होते, सूचना स्पष्ट असूनही चुकीच्या पेट्या चढवल्या.

मानसिंगरावांना वाचायला दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, चष्मा काढला, सही केली. मला वाटलं होतं भांडतील. उद्यापासून त्यांना फाटकावर बसवलंय, गाड्यांचे नंबर लिहायला.

माणूस भांडला नाही म्हणजे चूक त्याचीच ना? मीही उगाच विचार करते.

६ मार्च

साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. "चौबीस घंटे में ज़िम्मेदारी तय की, माल पहुँचाया. इसको कहते हैं लीडरशिप." विपुल टाळ्या वाजवत होता, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

आनंद व्हायला हवा. झालाही. पण जेवण जात नाही. कोमल तीन दिवस आलीच नाही, ताप म्हणे. आज आली तर माझ्याकडे बघेना. मी विचारलं, काय गं? "कुछ नहीं मॅडम," म्हणाली.

१४ मार्च

साहेबांबरोबर पीथमपूरला. त्यांच्या मॅनेजरची माफी मागितली, चहा घेतला, गोड गोड झालं. "आपने उस आदमी को हटा दिया, अच्छा किया," असं तो म्हणाला. मग आपलं नवं गोदाम पाहिलं. कोपऱ्यात काचेची केबिन, अजून रंगाचा वास. साहेब म्हणाले, "यह आपकी." मी आत जाऊन एकदा बसून घेतलं, कोणी बघत नव्हतं तेव्हा.

त्यांच्या फॅक्टरीत लाल पेट्या ठेवायची जागा आहे. वर हा एवढा मोठा बोर्ड, पिवळ्यावर काळ्या अक्षरात: "खाली पेटियाँ यहाँ रखें." मी उगाचच त्याच्यापुढे थांबले. साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे.

येताना डोकं फार दुखलं.

१५ मार्च

खाली. खाली म्हणजे रिकामं. अगं बाई, खाली म्हणजे रिकामं!

सकाळी अंगावर पाणी ओतताना लक्षात आलं आणि तांब्या हातातच राहिला. तेरा वर्षं मी या गावात "रिक्शा खाली है क्या" विचारतेय, गाडी खाली झाली का म्हणून दिवसातून वीस वेळा ओरडतेय. आणि लिहायला बसले की माझं कराड जागं होतं. माझ्या चिठ्ठीत खाली म्हणजे तळाशी. ओट्यावर कोणीही वाचलं तरी: लाल पेट्या २४ रिकाम्या, त्यावर इंदूरचा माल. कुठं अडतं? कुठंच अडत नाही. त्यांनी अक्षर न् अक्षर मी लिहिलं तसं केलं.

आणि त्यांनी विचारलं होतं. तीन तारखेपासून मी स्वतःला सांगत होते की कोणी विचारलं नाही. पान उलटून पाहिलं. माझ्याच हातानं लिहून ठेवलंय, की विचारलं होतं.

ऑफिसात कोमलकडे चिठ्ठ्यांची फाईल मागितली. तिनं न शोधता बरोब्बर तेच पान काढून दिलं. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मॅडम, मीच तर वाचून सांगितलं होतं हम्मालांना. खाली, बोले तो खाली."

"मग बोलली का नाहीस?"

ती रडायला लागली. "मुझे लगा आपको पता है. मला वाटलं, खुर्चीसाठी असं करावं लागत असेल."

हे पोरीला मी शिकवलं.

१८ मार्च, होळी

भास्करला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आता बोलून काय मिळणार? मानसिंगरावांचा पगार तर चालू आहे. खुर्चीवर बस, मग दोन महिन्यांनी त्यांना परत ओट्यावर घे. साप भी मरे, लाठी भी न टूटे." बँकेतला माणूस, बरोब्बर व्यवहाराचं बोलला. आणि मला ते पटलं! हेच लिहायला बसलेय, की मला ते पटलं. दोन महिन्यांचाच प्रश्न. मी खुर्चीवर असले तर त्यांचं भलंच करीन, कोमलचंही. नसले तर कोणाचं काय करणार?

रोज सकाळी स्कूटर फाटकातून आत घेते. मानसिंगराव उभे राहून सलाम करतात आणि माझा नंबर वहीत लिहितात. वेळ घालतात, सही करतात. मी तिथं हेल्मेटची काच खाली घेते.

२२ मार्च, रंगपंचमी

गेले शेवटी. सगळं देवास रंगात, टँकरनं पाणी उडवतायत, माझी साडी निळी-हिरवी. टेकडीखालच्या गल्लीत त्यांचं घर. दारातच बसले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्यांना रंग लावायची कोणाची छाती नसावी. मला पाहून उठले. "यावे बाईसाहेब." त्यांच्या मंडळींनी पन्हं आणलं.

मी चिठ्ठी पुढे केली. म्हटलं, "चूक माझी होती."

"होय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी शंका आली. म्हणून तर विचारले आपणांस."

"मग सही का केलीत? बोलायचं ना! माझ्या तोंडावर चिठ्ठी फेकायची!"

त्यांनी माझ्यापुढं पन्ह्याचा पेला सरकवला. मग म्हणाले, "आपण म्हणालात, मराठी येत नाही का. बाईसाहेब, अडीचशे वर्षे झाली आम्हांस येथे येऊन. ना धड इकडचे, ना तिकडचे. पुण्याचे पाहुणे आमच्या बोलण्यास हसतात, शेजारी आमच्या नावास हसतात. घरात मुलांस मारून मारून मराठी बोलावयास लावले. तीच एक गोष्ट आपली म्हणून राखली होती. आपण म्हणालात येत नाही. मला वाटले, नसेल येत. मराठीच्या माणसाने लिहिले आहे, तेच बरोबर असेल." आणि मग हळूच, "सही केली ती चिठ्ठीसाठी नव्हे. त्या एका वाक्यासाठी केली."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मला माफ केलं असंही म्हणाले नाहीत. पन्हं संपवा, म्हणाले.

२३ मार्च

फायनल हरलो. कॉलनीत सुतक. मी सोमवारी काय बोलायचं ते चार वेळा कागदावर लिहिलं आणि चार वेळा फाडलं. एकदा "गैरसमज झाला" लिहिलं, एकदा "भाषेच्या अडचणीमुळे". भाषेची कसली अडचण? माझ्या तोऱ्याची अडचण.

२४ मार्च

साहेबांच्या टेबलावर माझं नेमणुकीचं पत्र. टाइप केलेलं, फक्त सही बाकी. माझं नाव उलटं वाचता येत होतं मला.

मी चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं. न रडता. आवाज एकदाही हलला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे काय झालं ते असं. साहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, मला परत दिली. "अवंती जी, मामला ख़त्म हो चुका है. कस्टमर को लिख कर दे चुके हैं. यह काग़ज़ अपने पास रखिए और यह चिट्ठी लीजिए." म्हणजे पत्र.

मी म्हटलं, आधी मानसिंगरावांचा शेरा रद्द करा आणि पीथमपूरला माझ्या नावानं खुलासा पाठवा. मग पत्र द्या.

"दोनों नहीं हो सकते."

"तो पहला कीजिए."

ते मागं टेकून बसले. आणि अगदी मायेनं म्हणाले, "यही दिक़्क़त है. आप लेडीज़ लोग भावुक हो जाती हैं."

मी भावुक! दीड तास हिशोबानं बोलले, तारीख-वेळ सांगितली, चूक कुठं झाली, पुढे होऊ नये म्हणून चिठ्ठी कशी छापावी, तळाशी आणि रिकामी असे दोन वेगळे रकाने आखून नमुनासुद्धा नेला होता. हेच विपुलनं केलं असतं तर म्हणाले असते, काय प्रामाणिक माणूस आहे. मी केलं तर भावुक. इतका संताप झाला, की जिन्यात थांबून कठड्यावर मूठ आपटली. अजून दुखतेय.

२६ मार्च

नोटीस लागली. सप्लाय चेनचा प्रमुख विपुल. खाली बारीक अक्षरात मानसिंगरावांची ओट्यावर फेरनेमणूक. विपुल येऊन म्हणाला, "मॅडम, आपके बिना तो चलेगा नहीं." मी म्हटलं, "पता है." नमुन्याची चिठ्ठी त्यानं लगेच छापायला पाठवली, वर स्वतःचं नाव घालून. घालू दे. पुढची जागा निघेल तेव्हा मी अर्ज टाकणार, आणि कोमललाही टाकायला लावणार. भास्करला सांगितलं तर कपाळावर हात मारून घेतला.

पण आज खूप वाईट वाटतंय. बरं केलं, योग्य केलं, असं काही मनात येत नाही. ती काचेची केबिन डोळ्यांपुढून जात नाही.

दहाला ओट्यावर गेले. सगळ्या हम्मालांसमोर हिंदीत सांगितलं, त्या दिवशीची चूक माझी, मानसिंगरावांची नव्हे. कोमल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग मानसिंगराव सावकाश पुढे आले.

"खुर्ची गेली ना, बाईसाहेब?"

"गेली."

"त्रास होतो आहे?"

"फार."

त्यांनी मान हलवली. "होणारच. मला फाटकावर बावीस दिवस झाला."

मग इंदूरची गाडी लागली, आणि आम्ही ती भरायला घेतली.